पावत्यांची मागची बाजू

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी आर्डिस किवेला आली,
बुटांवरचा बर्फ न झटकताच,
काखेत बुटांचाच खोका.
आत वर्षभराच्या पावत्या, रबरबँड लावलेल्या,
त्यांना ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा वास.

डुलुथमध्ये माझं दुकान आहे,
लाँड्री आणि मासेमारीचे गळ विकणाऱ्याच्या मध्ये चेपलेलं.
जानेवारी ते एप्रिल मी लोकांची वर्षं मांडून देते :
ट्रकवाले, सुईणी, बर्फ उपसणारे,
एक पियानोचे सूर लावणारा.
कादंबरी लिहिणारी ही पहिलीच.

"मिळाले किती?"
"बेचाळीस डॉलर. एका त्रैमासिकानं दिले.
चेकवर नाव चुकलं होतं, पण वटला."
"आणि गेले?"
तिनं खोका माझ्याकडे सरकवला.

शाई. कागद. पुन्हा शाई.
ग्रंथालयातले झेरॉक्स, पानाला पंधरा सेंट.
थंडर बेपर्यंत गाडी, जाऊन-येऊन तीनशे ब्याऐंशी मैल,
बुडालेल्या एका जहाजाचा स्वयंपाकी मूळचा कुठला
एवढं विचारायला.
उत्तर मिळालं नव्हतं.
न मिळालेल्या उत्तराचेही मैल धरता येतात,
असं मी म्हणाले, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

एक लोखंडी कढई.
"ही कशाला?"
"शेवटच्या दिवशी त्यानं काय परतलं असेल
ते हाताला कळायला नको?"
कढईपुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं.

मग तो प्रश्न, जो मला विचारावाच लागतो :
हा धंदा आहे की हौस?
पाचांतल्या तीन वर्षी नफा दिसला, तर सरकार फार खोलात जात नाही.
नाही दिसला, तर संशय.
हौसेला मोल नसतं म्हणतात ना,
ते करखात्यानं अगदी शब्दशः घेतलंय.

आर्डिसनं हातमोजे काढले. पुन्हा घातले.
"एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली,
पहाटे साडेचारला, उणे तीसमध्ये इंजिन तापवत.
तेव्हा कुणी विचारलं नाही, हौस आहे का म्हणून.
होती. थोडी."

लिहायची वेगळी खोली?
आहे.
फक्त लिहिण्यासाठीच?
"खाट आहे तिथं. रॉय रात्री खोकतो.
मी टाइप करत असले की त्याला झोप लागते."
मग खोली वजा होणार नाही, मी म्हणाले,
खाट हलवली तर होईल.
"आणि रॉय? त्यालाही वजा करू?"
तो रकाना मी कोरा सोडला.

ती गेल्यावर पावत्या तारखेनं लावत होते,
पेट्रोलची एक पालथी पडली.
मागे पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात :
स्वयंपाक्यानं कांदा फळीवर ठेवला. कांदा उजवीकडे निघाला.
त्यानं सुरी तिरकी धरली आणि चिरत राहिला.

टायरच्या पावतीमागे पाणी दारापर्यंत आलेलं.
दाताच्या डॉक्टरच्या बिलामागे
कुणी तरी मीठ मागतंय.
शेजारची यंत्रं थांबली, लाँड्रीतले दिवे गेले,
मी वाचतच होते,
एप्रिल, मे, जूनच्या उलट्या बाजू.

पावत्या तीन वर्षं जपाव्यात, असा नियम आहे.
कोणत्या बाजूनं, ते लिहिलेलं नाही.

सकाळी फोन केला :
दोन्हीकडच्या प्रती काढून ठेवते, चालेल?
"काढ. फक्त फर्निचरवाल्याच्या बिलामागचं वाचू नकोस.
तो शेवट मी बदलणार आहे."
मी वाचला होता.
"बरं," म्हणाले.

फॉर्मवर लिहिलं : व्यवसाय, लेखन.
उत्पन्न बेचाळीस. खर्च दोन हजार नऊशे सोळा,
कढईसकट.

त्या रात्री घरी कांदा चिरताना
सुरी तिरकी धरून पाहिली.